आई-बाबा, तो डब्बा टीव्ही भंगारात देऊ नका

प्रिय आई आणि बाबा,

शिरसाष्टांग नमस्कार.

काल फोनवर बाबा म्हणाले की गुरुवारी भंगारवाला येणार आणि समोरच्या खोलीतला जुना डब्बा टीव्ही दोनशे रुपयात घेऊन जाणार. मी इकडून "नका देऊ, नका देऊ" ओरडत होती तेवढ्यात तुमच्याकडची रेंज गेली. नंतर तीनदा लावला, तीनही वेळा ती बाई तेच बोलली, म्हणून मग हे लिहायला बसली. आई, तू मोठ्यानं वाचून दाखव, बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय, त्यांना मोबाईलमध्ये डोळे घालू देऊ नको. आणि बाबा, लंबं आहे हे, "एवढं काय लिवलं बाप्पा" म्हणून मधातच उठून गोठ्यात जाऊ नका.

मुद्दा पहिलेच सांगून टाकते. टीव्ही द्यायचा नाही. का नाही ते सांगायला मला पार आपल्या व्हिडिओ गेममधल्या मारिओपासून सुरुवात करावी लागते.

दिवाळीत आली होती तेव्हा माळ्यावरून मी एक पिशवी काढून नेली, आठवते का, कपाशीच्या बियाण्याची पिशवी, वरून सुतळी बांधलेली. आईला वाटलं जुने कपडे आहेत. त्यात आपला व्हिडिओ गेम होता. मशीन, दोन रिमोट, बंदूक आणि ती एक पिवळी कॅसेट. दादानं १२वीला बसल्यावर बांधून ठेवला होता तो तसाच, उंदरानं फक्त अडॅप्टरची वायर कुरतडली होती. इथे पुण्यात नवीन अडॅप्टर घेतला, टीव्हीच्या मागे पिना लावल्या, कॅसेटमध्ये फुंकर मारली (फुंकरीनं काही होत नाही म्हणे, उलट थुंकीनं आतल्या पट्ट्या खराब होतात, पण हात आपोआप तोंडाकडे जातो त्याला काय करणार) आणि बटण दाबलं, तर चालू! तुमचा नातू बाजूला बसून पाहत होता आणि मी, चाळीशीला आलेली बाई, टाळ्या वाजवत होती.

तो गेम आला कसा ते नातवाला सांगत होती. १९९९ असेल. कापसाचा चुकारा एकदाचा हातात आला होता आणि बाबा दादाला घेऊन फवारणीचा पंप आणायला यवतमाळला गेले होते. संध्याकाळी लाडखेडला शकुंतलेतून, त्या आपल्या छोट्या रेल्वेतून, उतरले तेव्हा पंप होताच, पण दादाच्या मांडीवर हा डब्बा. शकुंतला तर एवढ्या निवांत चालायची की यवतमाळपासून लाडखेडपर्यंत डब्यातल्या सगळ्यांनी तो हातात घेऊन पाहिला म्हणे, एकानं तर रेडिओ समजून कानाला लावला. साडेसहाशे रुपये. आई दोन दिवस बोलली नाही, दोन दिवस फक्त वरण आणि भाकर, चटणीसुद्धा नाही. बाबा म्हणत होते, "पोट्टे घरी तरी रायतीन, दुसऱ्याच्या दारात टीव्ही पाह्याले तं नाई जानार." तिसऱ्या दिवशी आईच म्हणाली, "लावा मंग, पाहू तं द्या काय हाय ते."

आता ती कॅसेट. तिच्यावर लिहिलं होतं ९९९९ इन १. म्हणजे नऊ हजार नऊशे नव्याण्णव गेम. दादा अख्ख्या गावाला सांगत फिरला. मेनूवर समुद्र होता आणि पक्षी उडत होते, मी तर समुद्र पहिल्यांदा तिथेच पाहिला, मुंबईला कॉलेजच्या ट्रिपमध्ये खरा पाहिला तेव्हा "अरे हा तर मेनूवरचा" असंच डोक्यात आलं. पण गेम किती होत्या? यावेळी वही घेऊन मोजल्या, तसंही सॉफ्टवेअरच्या टेस्टिंगमध्ये चुका काढायचाच पगार मिळतो मला. नीट धरून चौदा. बाकी सगळ्या त्याच, फक्त एक सहाव्या लेव्हलपासून सुरू होते, एकात मारिओ उंच उडतो, एकात टँक जरा जोरात पळतो. पाच किलोच्या पिशवीत पावणेपाच किलो गोटे. पण तेव्हा आपल्याला कोणालाच फसवल्यासारखं वाटलं नाही बरं का, दादा तर ४३१२ नंबरची गेम वेगळीच आहे म्हणून शपथ घ्यायचा.

नातवानं पहिला प्रश्न विचारला, "मम्मा, यात सेव्ह कुठे करायचं?" मी म्हटलं कुठेच नाही. "मग लाईफ संपल्या तर जाहिरात पाहून मिळतात का?" नाही. "मग?" मग काही नाही, परत पहिल्यापासून. तो माझ्याकडे असा पाहायला लागला की जणू मी त्याला दुष्काळातली गोष्ट सांगून रायली.

तर मारिओ. मी घाबरत घाबरतच लावला, कारण लहानपणी गोड लागलेल्या गोष्टी पुन्हा खाल्ल्या की कधीकधी तोंड वाकडं होते, ते बाजारातले गुलाबी साखरेचे गोळे मागं घेतले होते, थू. पण मारिओ तसा नाही निघाला. १९८५ची गेम आहे, जपानच्या निन्टेन्डो कंपनीत मियामोटो म्हणून एक माणूस होता त्यानं आणि त्याच्या टीमनं केलेली, आणि अख्खी गेम ४० केबीची. आई, तू रोज सकाळी फॅमिली ग्रुपवर गुलाबाचं फूल आणि चहाचा कप पाठवतेस ना, तो एक फोटो यापेक्षा मोठा असतो. एवढ्याशा जागेत त्यांनी ३२ लेव्हल बसवल्या. जागा पुरत नव्हती तर काय केलं माहिती आहे का, आकाशातले ढग आणि खालची झुडपं एकच चित्र आहे, फक्त रंग बदलला. आपण एवढी वर्षं खेळलो, एकाच्याही लक्षात नाही आलं. आई जुन्या लुगड्याची गोधडी करते, उरलेल्यातून उशीची खोळ आणि त्यातून उरलं की हातपुसणं, तसंच काम आहे ते.

आणि पहिली लेव्हल तर मी आता ऑफिसमधल्या नवीन पोरींना दाखवणार आहे. एक अक्षर लिहिलेलं नाही, काही समजावून सांगत नाही. मारिओ डाव्या बाजूला उभा, उजवीकडे सगळं मोकळं, म्हणजे जायचं कुठे ते कळलं. समोरून ते चपटं टोपीवालं येते, लागलं की मेला, दुसऱ्यांदा उडी मारली तर ते मेलं, कळलं. डोक्यानं डब्बा फोडला तर मशरूम निघते, उजवीकडे पळते, पाइपला धडकून तुमच्याकडेच परत येते, भीती वाटली तरी लागतेच आणि मारिओ मोठा होते. नातू दहा मिनिटात शिकला, मी तोंड उघडलं नाही. पळता पळता थांबायला गेलं की तो थोडा घसरते ना, सारवलेल्या ओल्या ओसरीत घसरतो तसा, ती घसरण माझ्या अंगठ्याला अजून पाठ आहे, डोकं विसरलं होतं पण अंगठा नव्हता विसरला.

प्रत्येक किल्ल्याच्या शेवटी तो बुटका येऊन सांगतो की राजकन्या इथे नाही, दुसऱ्या किल्ल्यात आहे. सात किल्ल्यांत सात वेळा. तेव्हा राग यायचा, आता मला हसूच आलं, कारण बाबा सातबाऱ्यावर नाव चढवायला फिरत होते त्या वर्षी त्यांना पण अगदी हेच ऐकावं लागायचं, साहेब इथे नाही, त्या टेबलावर विचारा. मारिओला निदान आठव्या किल्ल्यात तरी भेटते.

आठव्यावरून आठवलं. ती उन्हाळ्याची दुपार. दादा आठव्या दुनियेत पोचला होता, शेजारची पाच-सहा पोट्टे खिडकीत, आई तुरी पाखडत होती ती पण थांबलेली, आणि लाईन गेली. दादा रडला, दहावीतला घोडा, पण रडला. बाबा बाजेवर पडल्या पडल्या म्हणाले, "कापूस फुटला अन पानी आलं, त्याच्यातलंच हाय हे." तेव्हा मला वाटलं बाबा चिडवून रायले. चिडवत नव्हते ते.

या वेळी मी शेवटपर्यंत गेली. सोसायटीला जनरेटर आहे, लाईन जायची भीती नाही, रात्री दीडला राजकन्या भेटली. आणि ती काय म्हणाली? थँक्यू, तुझं काम झालं, आता हे घे नवीन काम. आणि सगळं पहिल्यापासून, अजून अवघड. एवढ्यासाठी दादा रडला होता! मला तर ऑफिसच आठवलं. टीव्ही बंद करून झोपली.

बाकीच्या गेम भराभर सांगते, नाहीतर आई थकेल वाचून. गाडीची गेम बेकार, नुसतं सरळ जायचं आणि पेट्रोल संपायची वाट पाहायची, तिच्यासाठी आम्ही का भांडायचो देव जाणे. सर्कसवाली चांगली आहे, सिंहावर बसून आगीच्या गोलातून उड्या मारायच्या, पण पंधरा मिनिटात जीव विटतो. कॉन्ट्रा, ती गोळीबाराची गेम, एकट्यानं खेळली तर लई कठीण आणि थोडी रडकीच आहे, दोघांनी खेळली की मात्र अजूनही लाजवाब. धबधब्याची लेव्हल आहे ना, तिथे एकजण वर चढत गेला की स्क्रीन वर सरकते आणि खाली राहिलेला मरतो, त्याची काहीच चूक नसते. दादानं मला असं किती वेळा मारलं याचा हिशोब त्याला यंदा राखीला मागणार आहे. मी पण नातवाला तसंच मारलं, तो म्हणाला मम्मा तू चीटिंग केली. नाही रे बाबू, हेच शिकली मी माझ्या मोठ्या भावाकडून.

टँक सगळ्यात भारी. टँकमध्ये खाली मधात विटांच्या आड तो गरूड असतो, आम्ही कबूतर म्हणायचो, त्याला वाचवायचं. गंमत अशी की तुमचीच गोळी कबुतराला लागली तरी गेम संपते. ३५ लेव्हल आहेत, आणि विटा, पाणी, झाडी आपल्या हातानं मांडून स्वतःची लेव्हल करता येते. नातवाला तेच एवढं आवडलं की त्यानं काल आपलं गाव मांडलं, मधात नाला, बाजूला झाडी म्हणजे आपली पऱ्हाटी, आणि कबूतर म्हणजे आजी. मग पहिल्याच गोळीत त्यानं आजीला उडवलं. सॉरी म्हणाला आहे.

आई, तुझी गेम विसरली नाही मी. बाबांच्या नोकिया ११०० वरचा साप. बाबा त्या फोनच्या टॉर्चवर रात्री मोटर चालू करायला जायचे आणि परत येऊन फोन उशाशी ठेवला की तू अंधारात टुकटुक करत बसायचीस, आम्हाला वाटायचं तू मामाला मिसकॉल देतेस. तुझा स्कोअर ना दादानं तोडला ना मी. आणि नागपंचमीला तू खेळायची नाहीस, आपल्या हातून सापाचं टाळकं भिंतीवर आपटायचं म्हणून. मी आता टचवाल्या फोनवर तो साप टाकून पाहिला, तसाच दिसतो पण मजा नाही, त्याला ती दबणारी बटणं पाहिजेत, बोटाला टुक लागलं पाहिजे. तो ११०० कुठे आहे? गव्हाच्या कोठीवरच्या डब्यात असेल तर चार्जिंगला लावून पाहा.

आता खरं कारण. बाबा, इथे नीट ऐका, आणि रागावायचं नाही.

बदकांची गेम आठवते ना. बंदुकीवाली. तुम्ही बाकी कोणत्याच गेमला हात लावायचे नाही, पण बंदूक पाहिली आणि म्हणाले, "आना इकडे, मी गोफनीनं उडत्या राघूले पाडलं हाय, हे काय घेऊन बसले." खरंच होतं ते, ज्वारी हुरड्यात आली की मचाणावर तुमच्यासारखा गोफण चालवणारा शिवारात नव्हता, आजी पण सांगायची. मग तुम्ही बाजेवर मांडी घालून बसले, बंदूक धरली, बदक उडालं, तीन गोळ्या, तिन्ही वाया. दुसरं बदक, तिन्ही वाया. आणि दर वेळी ते कुत्रं गवतातून वर येऊन तोंडावर हात धरून हसायचं, आणि खिडकीतली पोट्टे पण हसायची. तुम्ही कुत्र्यालाच गोळ्या घातल्या, त्याला लागत नाहीत. शेवटी म्हणाले, "चायनाची बंदूक हाय, नयीच वाकडी हाय हिची," आणि उठून गेले. दादा बसला की त्याला मात्र दहापैकी सात-आठ लागायची. तुम्ही त्यानंतर बंदुकीला हात नाही लावला.

नळी वाकडी नव्हती बाबा. मी होती.

झालं असं की मी लहान म्हणून मला कायम दोन नंबरचा रिमोट. त्याला स्टार्टचं बटण पण नव्हतं. मारिओत तर दादा मेला की माझी पाळी, आणि दादा मरायचाच नाही, मी अर्धा अर्धा तास रिमोट धरून नुसती बसायची. पण बंदूक लावायची तर ती दोन नंबरच्या जागी लागायची, माझा रिमोट काढून. मग एक नंबरचा रिकामा राहायचा, गेम सुरू करण्यापुरताच त्याचा उपयोग, म्हणून तो माझ्याकडे फेकायचे, "घे, हा धर." मी उगाच बटणं दाबत बसायची. आणि एक दिवस मला दिसलं की मी डावीकडे दाबलं की बदक डावीकडे जाते. एकच बदक उडते त्या गेममध्ये हे खरंच तसं ठेवलेलं आहे, मी आता खात्री करून घेतली, दुसऱ्या माणसानं बदक चालवायचं म्हणून. पण आम्हाला कोण सांगणार, डब्ब्यात सांगायचा कागद होता तो सगळा चिनी भाषेत.

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातातल्या रिमोटनं काहीतरी होत होतं. मी कोणालाच नाही सांगितलं. दादा बसला की मी गप्प, त्याला संशय आला असता तर रिमोट हिसकला असता. पण तुम्ही बसले तेव्हा मी बाजेच्या मागे, रिमोट फ्रॉकखाली, आणि तुम्ही नेम धरला की मी बदक वळवायची. तुमचा नेम बरोबरच होता. प्रत्येक गोळी बदक जिथे असायला पाहिजे होतं तिथेच गेली होती, मीच त्याला तिथे राहू दिलं नाही. मी हसून हसून लोळत होती आणि तुम्हाला वाटलं मी पण कुत्र्यासोबत हसून रायली. मग तुम्ही उठून गेले तेव्हा सांगावं वाटलं होतं, पण रिमोट जाईल म्हणून नाही सांगितलं. आणि मग सांगायचं राहूनच गेलं, दादा १२वीला बसला, गेम माळ्यावर गेला, माझं लग्न झालं.

या वेळी मी ठरवलं होतं की व्हिडिओ कॉल करून तुम्हाला दाखवू. बंदूक लावली, बदक उडालं, गोळी मारली, काही नाही. टीव्हीला अगदी नळी टेकवली तरी काही नाही. मग शोधलं तेव्हा कळलं. बंदुकीतून काहीच निघत नाही, उलट बंदुकीला एक डोळा असतो. घोडा दाबला की स्क्रीन पापणी लवायच्या आत काळी होते आणि फक्त बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या डोळ्याला तो उजेड दिसला तर बदक पडलं. डब्बा टीव्हीवर हे चित्र त्याच क्षणी उमटते. हे नवे चपटे टीव्ही चित्र दाखवायला जरासा उशीर लावतात, आपल्याला कळत नाही एवढाच, पण तोपर्यंत बंदुकीचा डोळा पाहून मोकळा झालेला असतो. म्हणून आमचा पंचावन्न इंची टीव्ही त्या गेमसाठी धोंडा आहे. ती बंदूक फक्त तुमच्या त्या २१ इंची डब्ब्यावर चालते, जो तुम्ही दोनशे रुपयात द्यायला निघाले.

म्हणून गुरुवारी भंगारवाला आला तर त्याला जुना स्टॅबिलायझर द्या, मोडकी सायकल द्या, तो गंजलेला फवारणीचा पंप पण द्या. टीव्हीला हात लावू देऊ नका. मागच्या जाळीत गोम-पाली गेल्या असतील, फडक्यानं वरवर पुसा, आतमध्ये हात घालू नका, बंद असला तरी झटका बसतो. वरती स्वच्छ चादर टाकून ठेवा आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास चालू करा.

पोळ्याला मी येते आहे, चार दिवस. दादाला पण नागपूरहून बोलावलं आहे. मशीन, कॅसेट, बंदूक सगळं घेऊन येते. तोपर्यंत बाबांचा डोळा पक्का होईल, नवीन चष्मा पण लागेल. बाबा, खिडकीत पोट्टे जमवायची जबाबदारी नातवाची. तुम्ही फक्त बाजेवर बसायचं. दहा बदकं, तीन तीन गोळ्या. मी रिमोटपासून लांब राहीन, पाहिजे तर चुलीजवळ बसते, तुम्ही पाहून घ्या.

आईला गुडघ्याचं तेल कुरिअरनं पाठवलं आहे, पोचलं की सांगा. तूर कशी आहे? इथे पाऊस नुसता आभाळ करून जातो.

तुमची,
छोटी

ता.क. आई, हे मनातल्या मनात वाच, मोठ्यानं नको. एक नंबरचा रिमोट मी गुपचूप तुझ्याकडे देईन, पदराखाली धर. डावीकडचं बटण दाबलं की बदक डावीकडे. पहिली पाच त्यांना मारू दे.